दत्ताराम घाडीचं गाऱ्हाणं

नावात दत्तही आहे आणि रामही आहे, पण माणूस तोंडावर सांगणार की देव नाही. लालबागला दत्ताराम घाडीला सगळे यावरूनच चिडवायचे. तो काही चिडायचा नाही. "नाव बापाने ठेवलं, डोकं माझं आहे," म्हणायचा आणि समोरच्याला तिथल्या तिथे पकडून अर्धा तास वाद घालायचा. पुढे चाळ पडली, तिथे तेवीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला, घाडी मंडळी सोळाव्या मजल्यावर राहायला गेली. तेव्हापासून लोकांची आणखी पंचाईत झाली, कारण लिफ्टमध्ये दत्ताराम भेटला की पळायला जागा नसे. एकदा पूजेचं ताट घेऊन चाललेल्या एका बाईंना त्याने तळमजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत ग्रहणाचं शास्त्र समजावलं. बाई पुढे महिनाभर जिन्याने जात होत्या.

असा हा छळवादी माणूस, पण कुणाला रक्त हवं असलं की पहिला फोन त्यालाच जायचा. कुणाला रात्री-अपरात्री हॉस्पिटलात न्यायचं असलं की पायात चप्पल सरकवून हाच पुढे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्याने एकतीस वर्षं काढली. बाटल्या धुवायच्या, लिटमसचे कागद कापायचे, मास्तर रजेवर असले की मुलांना स्वतःच प्रयोग करून दाखवायचे. मुलं त्याला घाडीसर म्हणत. पगार शिपायाचा आणि ऐट शास्त्रज्ञाची, असं नलू म्हणायची. नलू म्हणजे त्याची बायको.

आता गंमत अशी की, घाडी म्हणजे कोकणात देवाशी बोलणारं घराणं. दत्तारामचा बाप, गंगाधर घाडी, कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करायचा आणि बाकीच्या वेळात अख्ख्या चाळीची गाऱ्हाणी घालायचा. गाऱ्हाणं घालायला भटजी लागत नाही, संस्कृत लागत नाही. हातात नारळ धरायचा, देवासमोर उभं राहायचं आणि आपल्या मालवणीत त्याला सरळ सांगायचं, की बाबा, अमक्याच्या घरात असं असं झालंय, त्याचं निवारण कर. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. गंगाधरचा आवाज असा, की त्याने एकदा "बा देवा म्हाराजा" म्हटलं की जिन्यात खेळणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. आणि त्याच्या शेजारी उभं राहून होकार देणारा पहिला आवाज असायचा दत्तारामचा. सगळं गाऱ्हाणं त्याला दहाव्या वर्षीच पाठ होतं.

मग ब्याऐंशीचा गिरण्यांचा संप आला. गंगाधर रोज सकाळी चाळीच्या दारातल्या मारुतीपुढे उभा राहायचा. "गिरणीचो भोंगो परत वाजू दे रे म्हाराजा." पन्नासेक माणसं होकार द्यायची. त्यात बदली कामगार असलेला चोवीस वर्षांचा दत्तारामही होता. एक महिना, सहा महिने, वर्ष. घरातली भांडी गेली, आईच्या कुड्या गेल्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसाने पंख्याला गळफास लावून घेतला. दीड वर्षानंतर एका सकाळी बापाने नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं, आणि शेजारून होकार आला नाही. बापाने वळून बघितलं. दत्ताराम तोंड मिटून उभा होता. "इतके दिवस ऐकू गेलं नाही त्याला?" एवढंच तो म्हणाला. त्यानंतर बाप मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलला नाही. दत्तारामनेही पुन्हा कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत.

नलूला हे सगळं लग्नाआधी सांगूनच त्याने लग्न केलं. ती कणकवलीकडची, पक्की देवभोळी. "तुमका देव नाय तर नाय, माका आसा," ती म्हणाली, "घर दोघांचा." झालं. स्वयंपाकघराच्या फळीवर तिचा देव्हारा बसला. रोज सकाळी दादरच्या बाजारातून फुलं आणायचं काम दत्तारामकडे. "मी तुझ्यासाठी आणतो, त्याच्यासाठी नाही," हे चाळीस वर्षांत त्याने किती वेळा ऐकवलं असेल, नलूच जाणे. गणपतीत तिचा भाऊ रघू भायखळ्याहून येऊन गाऱ्हाणं घालायचा. बिचाऱ्याच्या ते कधी धड लक्षात राहत नसे. तो अडखळला की आतून, चहा गाळता गाळता, दत्ताराम ओरडायचा, "बारा वहिवाटीचं राहिलं!" आणि सगळे देवासमोरच हसत सुटायचे.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. गेल्या माघात नलूचे डोळे पिवळे झाले.

कावीळ असेल म्हणून औषध झालं. मग सोनोग्राफी झाली, मग स्कॅन. परळ-लालबागच्या माणसाला परळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या फाटकातून आत गेलं की काय समजायचं, हे सांगावं लागत नाही. म्हणून मुलगी दर्शना आणि रघूमामा या दोघांनी ठरवून नलूला दादरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. डॉक्टरांनी दत्ताराम आणि दर्शनाला बाहेर बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. पित्ताच्या वाटेत एक नळी बसवू, कावीळ उतरेल, थोडं बरं वाटेल. चार महिने, फार तर सहा.

दत्ताराम कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसला.

"आईला सांगायचं नाही हं बाबा," दर्शना रडत रडत म्हणाली. "ती हाय खाईल. खडा आहे म्हणून सांगू."

"खोटं सांगायचं?"

"मग काय सांगू? तूच सांग, काय सांगू?"

आयुष्यभर खऱ्यासाठी लोकांची डोकी खाल्लेला हा माणूस, पण त्या दिवशी त्याला पोरीच्या तोंडाकडे बघवेना. तो आत गेला. नलूने विचारलं, "काय म्हणतत डॉक्टर?" आणि दत्ताराम घाडी म्हणाला, "पित्ताच्या नळीत खडा आहे. नळी घालून काढतील. दोन-तीन महिने अशक्तपणा राहील." आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं, आणि मग स्वतःची किळस आली.

महिन्याभरात गावची जत्रा होती. नलू दरवर्षी रघूबरोबर जायची. यंदा दर्शनाने अडवलं, "आई, एवढा प्रवास नको. पुढच्या वर्षी ठणठणीत होऊन जा." दत्ताराम खिडकीशी उभा राहून खालची गाड्यांची रांग बघत राहिला. पुढच्या वर्षी, असं पोरगी म्हणाली आणि त्याने मान डोलवली.

जत्रा चुकली, तेव्हा नलूने पहिल्यांदा विषय काढला. पलंग आता बाहेरच्या खोलीतच आणला होता, तिथून स्वयंपाकघरातला देव्हारा समोर दिसायचा.

"जत्रेक जाऊक नाय गावला. इथल्या इथे एक गाऱ्हाणं तरी घाला."

"रघूला बोलावतो."

"रघू नको. त्याका येत नाय. तुमी घाला. घाडी तुमी आसात."

"नलू, चाळीस वर्षं माहीत आहे ना तुला?"

"माहीत आसा म्हणूनच सांगतंय. एकदा."

"कुणाला घालू? तिथे कुणी ऐकत असतं तर माझ्या बापाचं ऐकलं असतं. दीड वर्ष घसा फोडला त्याने. वाजला भोंगा?"

नलू उशीवर कोपर टेकून उठली. "नाय वाजलो. पण रोज सकाळी पन्नास माणसा एकत्र उभी रवायची. ती कशामुळे? तुमच्या लिटमसमुळे?"

"पन्नास माणसं उभी राहून उपाशीच मेली ना पण!"

"मेली ती मेली. एकटी नाय मेली."

असं वाजलं दोघांचं. दर्शना मध्ये पडायला आली तर दोघांनीही तिला गप्प बसवलं. आणि आश्चर्य म्हणजे, दोन दिवस नुसती चमचाभर पेज चाटणारी नलू त्या संध्याकाळी वाटीभर भात-आमटी जेवली. वर तोंडी लावायला लोणचं मागितलं.

मग हा रोजचाच खेळ झाला. आठ-पंधरा दिवसांनी नलू म्हणायची, "घालताय का गाऱ्हाणं?" आणि दत्ताराम उसळायचा, "नाही म्हणजे नाही! खोटं माझ्या तोंडातून निघायचं नाही." हे म्हणताना आतून त्याला चाकू लागल्यासारखं व्हायचं, कारण रोज सकाळ-संध्याकाळ तो तिच्या तोंडावर खोटंच बोलत होता. पण ती मात्र त्याच्याकडे बघून हसायची. "हट्टी मेलो," म्हणायची आणि कूस बदलून झोपायची. तिला इतकी शांत झोप एरवी लागत नसे. ती का लागते, याचा विचार करायचं त्या शहाण्याला सुचलं नाही. दुसऱ्यांच्या डोक्यातली जळमटं काढणाऱ्याला शेजारच्या उशीवरचं डोकं वाचता येऊ नये, आता काय बोलायचं!

वैशाखात तिचं पोट पाण्याने फुगलं. हातपाय काटकुळे झाले. पाणी काढायला पुन्हा दादरला नेलं. डॉक्टरांनी दत्तारामला बाजूला घेऊन सांगितलं, की आता यापुढे आणायची गरज नाही, घरीच ठेवा. महिनाभर. कदाचित कमी.

रघू खाली चहाच्या टपरीपाशी उभा होता. रघू बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला, गळ्यात माळ, मनाने मऊ. भावोजींपुढे आवाज चढवायची त्याची आजवर हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी झाली.

"भावोजी, ताई परवा माझ्यापाशी रडली. म्हणाली, यांनी एकदा म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं."

"रघू, तू तरी नको सुरू करू."

"का नको? तुमचं तत्त्व! अहो, तिचा जीव चाललाय आणि तुम्ही तत्त्व कसलं धरून बसलाय?"

"मला जे खरं वाटत नाही ते मी तिच्यासमोर कसं बोलू? ती काय मला ओळखत नाही?"

"आणि खडा?" रघूचा आवाज फाटला. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "खडा आहे, खडा आहे, असं तीन महिने रोज तिच्या तोंडावर सांगताय ते काय आहे? ते खोटं चालतं तुम्हाला? आमच्या सोयीचं खोटं चालतं, आणि तिच्या समाधानाचं चालत नाही? देव नाही ना? मग घाबरता कुणाला? नसलेल्यापुढे चार शब्द बोललात तर तुमचं काय झिजणार आहे?"

दत्तारामच्या हातात पेला तसाच राहिला, चहावर साय धरली. रघूचं म्हणणं त्याने सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं आणि त्याला त्यात एकही भोक सापडेना. मग त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "रविवारी सकाळी ये. नारळ मी आणतो."

रविवारी पहाटेच तो उठला. आंघोळ केली. बाजारात जाऊन फुलं आणली, शेंडीचा नारळ आणला, विड्याची पानं आणली. दर्शना आदल्या रात्रीच आली होती. तिने देव घासून ठेवले, निरांजन लावलं. आठच्या सुमारास रघू आला. नलूला पाठीशी तीन उशा लावून बसवलं होतं. एवढी लगबग कसली चाललीय ते तिला कळेना. ती एकेकाकडे बघत होती. दत्तारामने नारळ दोन्ही हातांत धरला आणि तो देव्हाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, तिचा चेहरा फुलेल. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच तो उभा होता.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली.

दर्शनाच्या अंगावर काटा आला. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. आजोबांचा असा होता म्हणतात. रघूने डोळे मिटून हात जोडले.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा…"

"होय म्हाराजा," तिघं म्हणाली. नलूचा आवाज बारीक होता, पण होता.

"आज तुझा लेकरू दत्ताराम गंगाधर घाडी तुझ्यासमोर उभो आसा. चाळीस वर्षां इलो नाय, ता मनात धरू नको म्हाराजा…"

"होय म्हाराजा." या वेळी दोघंच म्हणाली.

"माझी घरकारीण नलिनी, तिच्या पोटात जा काय दुखणा आसा, ता मुळापासून…"

"थांबा," नलू म्हणाली.

दत्ताराम वळला. नलूच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू दारात पोस्टमन तार घेऊन उभा राहिलाय.

"डॉक्टरान किती दिवस सांगितल्यान?" तिने विचारलं.

निरांजनाची वात चुरचुरत होती. दर्शना पुढे झाली, "आई, असं काय बोलतेस, खडा…"

"तू गप. मी यांका विचारतंय." आणि मग ती त्याला म्हणाली, "तुमी देवासमोर उभे रवलात म्हणजे तुमच्या हातात काय उरला नाय. खडो असतो तर तुमी मेलात तरी नारळ धरलो नसतो."

तीन महिने जपून ठेवलेली गोष्ट दत्तारामने स्वतःच्या तोंडाने, खणखणीत आवाजात, तिला सांगून टाकली होती.

"मी दर पंधरा दिवसांनी विचारत होतंय," नलू हळूहळू म्हणाली. मध्ये मध्ये तिला धाप लागत होती. "तुमी नाय म्हटलात की माका बरा वाटायचा. म्हणजे अजून तसा काय नाय. अजून भांडतत माझ्याशी. मरणाऱ्याशी कोण भांडता? त्या 'नाय'वर जेवत होतंय मी."

"मग रघूपाशी रडलीस का?" त्याने कसंबसं विचारलं.

"रडलंय, पण माका तुमी खराखुरा घालूक हवा होता काय?" ती म्हणाली. "काय माहीत. दोनीय हवा होता." मग पुन्हा तेच, "किती दिवस?"

"महिना," दत्ताराम म्हणाला. "कमीसुद्धा."

रघू भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागला. नलूने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले झालेच नव्हते. ती नुसती खिडकीतून बाहेर बघत होती. "आधी सांगितला असता तर जत्रेक जाऊन इले असते," ती म्हणाली. "माघात मी चालत होतंय. माहेरच्या पडवीत एक रात्र निजले असते. आता गाडीत बसवात काय माका?" दर्शनाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पुढच्या वर्षी म्हणणारी तीच होती. नलूने तिच्या केसांवर हात ठेवला. पण रडू नको, चालायचंच, असं काहीसुद्धा म्हणाली नाही.

दत्ताराम नारळ घेऊन तसाच उभा होता. तो नारळ खाली ठेवायला वाकला, तशी नलू म्हणाली, "अर्धवट ठेवू नका. घातलात तर पुरा करा."

"काय मागू आता?"

"त्रास नको म्हणान मागा. झोपेत जाऊ दे म्हणान."

तो परत देव्हाऱ्याकडे वळला. पितळेचे चार देव, कालच घासलेले. त्याचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता, अजूनही नव्हता. पण त्या क्षणी त्याने जे मागितलं ते रघूसाठी नव्हतं, तत्त्वाच्या हिशेबात बसवून नव्हतं, तिच्या समाधानासाठीसुद्धा नव्हतं. त्याला ते हवं होतं. सगळ्या अंगाने हवं होतं. "हिका त्रास देऊ नको म्हाराजा," तो म्हणाला, आणि बापासारखा आवाज कुठच्या कुठे गेला. "झोपेत ने. कळ येऊ देऊ नको. एवढा माझा ऐक."

"होय म्हाराजा," नलू म्हणाली. ती एकटीच.

त्यानंतर नलू एकोणीस दिवस जगली. गावी न्यायचं रघूने फार मनावर घेतलं, अँब्युलन्सवाल्याशी बोलूनही आला, पण तिला उठवून खुर्चीत बसवलं तरी ती किंचाळायची. मग ते राहिलं. दुखणं कंबरेतून पाठीत चढलं. डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्या लावल्या, थेंब दिले, त्याने दोन तास बरे जायचे आणि मग ती पलंगाची कड धरून ओरडायची. शेजारच्या फ्लॅटमधली माणसं टीव्हीचा आवाज मोठा करत. त्यांचाही इलाज नव्हता. दत्ताराम तिच्याजवळून हलला नाही. तिची लाळ पुसली, कपडे बदलले, ओठ ओले केले. दर वेळी कळ आली की ती त्याच्याकडे बघायची आणि तो मान खाली घालायचा. दोघं त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला तिचा श्वास थांबला तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर होती. झोपेत नव्हती.

स्मशानात रघूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सोडवली हो देवाने," तो म्हणाला.

चार माणसं वळून दत्तारामकडे बघायला लागली. आता हा बोलणार, इथेही वाद घालणार, याची सगळ्यांना खात्री होती. दत्ताराम चितेकडे बघत राहिला. देवाच्या बाबतीत आपण चूक ठरावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं होतं. एकोणीस दिवस, रात्रंदिवस वाटलं होतं. तेही झालं नाही.